रात्री रडवणारी दाढ

(चोपडा तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. नाव-गाव गाळून, बाकी जसंच्या तसं देत आहे.)

"डॉक्टर ताईंना नमस्कार. मी शेतात मजुरी करते. हे पत्र माझी पुतणी लिहून देते आहे, ती नववीत आहे. माझा आंडोर (मुलगा) चार वर्षांचा आहे. त्याचे वरचे पुढचे चार दात काळे पडून नुसते खुंट राहिलेत. दुखत नव्हते म्हणून आम्ही काही केलं नाही. आता पंधरा दिवस झाले, खाली डाव्या बाजूची दाढ दुखते. दिवसा खेळतो, पण रात्री झोपेतून उठतो आणि 'माय, दात दुखस' म्हणत रडतो. सासूबाई मिसरी लावून देतात, मग थोडा वेळ गप्प होतो. मेडिकलवाल्याने औषध दिलं, तीन-चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता भाकरी चावत नाही, चहात भिजवून खातो. तालुक्याला दाताच्या दवाखान्यात दाखवलं तर म्हणाले, पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम करू, पंधरा हजार लागतील. पोऱ्याचे वडील केळीच्या गाड्या भरायला जातात, मी निंदायला नाहीतर कापूस वेचायला. पंधरा हजार कुठून आणू? सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, पैसे घालू नको. बाटलीही तूच लावली, असं म्हणतात. ते खरं आहे. तो तीन महिन्यांचा होता तेव्हा मी कामाला लागले. घरी बाटलीने साखर घातलेलं दूध पाजायचे. अजून रात्री बाटली लागतेच. दिवसा चहा-बिस्किट, दुकानातला पुडा, असं चालतं. दुसरी मुलगी आठ महिन्यांची आहे, तिला खाली दोन दात आलेत. तिचं असं होऊ नये. दुधाच्या दातांवर पैसे घालावेत का? आणि माझी चूक झाली का?"

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी आज रात्रीचं बोलू.

दिवा जवळ घ्या आणि पोराचा चेहरा समोरून नीट बघा. डावा गाल उजव्यापेक्षा फुगलेला आहे का? जबड्याखाली हात फिरवा, कडक गाठ किंवा सूज लागते का? अंगात ताप आहे का? तोंड पूर्ण उघडता येतं का, थुंकी गिळता येते का? यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका, हजेरी बुडाली तरी बुडू द्या. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सूज डोळ्यापर्यंत चढली, गळ्याकडे उतरली किंवा मुलाला श्वास घ्यायला, गिळायला जड जाऊ लागलं, तर रात्र असली तरी 108 ला फोन करून गाडी बोलवा. दाताचा पू लहान मुलाच्या अंगात फार लवकर पसरतो.

असं काही नसेल, नुसतं दुखत असेल, तर पॅरासिटामॉलचं पातळ औषध द्या. किती द्यायचं ते वजनावर ठरतं. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या मिळतात, म्हणून घरातल्या चमच्याच्या अंदाजाने देऊ नका. अंगणवाडीत वजन झालं असेल. तो आकडा आणि औषधाची बाटली आशाताईंना दाखवा, त्या माप सांगतील. मोठ्यांची अ‍ॅस्पिरिनची गोळी मोडून देऊ नका. लवंगेचं तेल हिरडीवर ओतू नका, कोवळी हिरडी भाजते. झोपण्याआधी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा आणि दाढेत अडकलेलं अन्न मऊ ब्रशने हलकेच काढा. कितीतरी वेळा अडकलेला घास निघाला की निम्मी रात्र सुखाची जाते.

मिसरी मात्र आजपासून बंद. सासूबाईंवर रागावू नका. नातू रडतो तेव्हा त्यांच्या हाताशी जे आहे ते त्या लावतात, आणि त्यांच्या आईनेही त्यांना तेच लावलं असेल. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. चार वर्षांच्या जिवाला ती लावणं म्हणजे तंबाखू चारणंच आहे. तिच्याने कीड थांबत नाही. पोर गप्प होतं, दाढ आत किडत राहते, आणि जिभेला चव लागते ती वेगळीच. मी खानदेशात दहा-बारा वर्षांच्या मुली मिसरी सोडता येत नाही म्हणून रडताना पाहिल्या आहेत. त्यांना विचारलं की सुरुवात बहुतेक वेळा अशीच सापडते, दात दुखला म्हणून आजीने लावली.

मेडिकलवाल्याच्या औषधाने तीन-चार दिवस बरं वाटलं, त्याचंही कारण असंच आहे. अशा औषधाने दुखणं दबतं, पण दाढेतलं भोक तसंच राहतं आणि घाण आत जातच राहते. त्यामुळे पुन्हा पुन्हा तीच गोळी आणणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं बदलत राहणं.

आता दुधाच्या दातांचं. "पडणारच आहेत" हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की ते कानाला म्हणीसारखं लागतं. पुढच्या दातांपुरतं ते बरंचसं खरं आहे, ते सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तुमचा मुलगा आज चार वर्षांचा आहे. म्हणजे या दाढेने अजून सहा ते आठ वर्षं त्याला भाकरी चावून द्यायची आहे. एवढ्या वर्षांत त्याची अंगणवाडी संपेल, शाळा सुरू होईल, अंगाने वाढेल. ज्या दाढेची इतकी वर्षं नोकरी बाकी आहे तिला "पडणारच आहे" म्हणून सोडून कसं चालेल?

ती दुखते म्हणून तो भाकरी चावत नाही आणि चहात भिजवून खातो, हे तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त टोचलं. कळण्याची भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी, यातलं त्याच्या पोटात आता काय जात असेल? दाढ दुखणाऱ्या मुलाचं वजन वाढत नाही. अंगणवाडीताई म्हणते खाऊ घाला, घरचे बिस्किट चारतात कारण ते चावावं लागत नाही, आणि बिस्किटाने उरलेल्या दाढाही जातात. त्याच्या वजनाचं कार्ड काढून गेल्या सहा महिन्यांची रेघ बघा. रेघ आडवी पडली असेल तर डॉक्टरांना दाखवताना कार्ड सोबत न्या.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी आईबापांना कोणी सांगितलेली असते. खाली डाव्या बाजूला दुधाच्या दोन दाढा असतात. दुखणारी दाढ शेवटची, मागची असेल, तर ती वेळेआधी काढून टाकणं महागात पडतं. सहाव्या वर्षी तिच्या मागे पक्की दाढ उगवते. कुठलाही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते. पुढची दाढ जागेवर नसेल तर ही पक्की दाढ पुढे सरकते, आणि नंतर येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. दात वेडेवाकडे येण्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू राहिला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला डाग पडू शकतो. म्हणून पैशाबद्दल माझं उत्तर असं: या एका दाढेवर आधी खर्च करा. पुढच्या चार खुंटांवर आज पंधरा हजार घालायची गरज असेलच असं नाही.

त्या दवाखान्याने सांगितलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लहान मूल, पुष्कळ दात, खुर्चीत स्थिर बसत नाही, अशा वेळी पूर्ण भूल देऊन एका बैठकीत काम करण्याची पद्धत आहे आणि काही मुलांना तीच लागते. पण प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. चार वर्षांचं मूल आईच्या मांडीवर बसून, नुसती जागा बधिर करून, एका दाढेचं काम करून घेऊ शकतं. मी रोज करते. डॉक्टरांना सरळ विचारा: "सगळं एकदम न करता आधी फक्त दुखणारी दाढ करता येईल का? पुढचे दात पूशिवाय असतील तर त्यांना काळं औषध लावून ठेवता येईल का?"

हे काळं औषध म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. चांदी आणि फ्लोराइड असलेलं पाण्यासारखं औषध. किडलेला भाग कोरडा करून त्यावर बारीक ब्रशने थेंब लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. सुई लागत नाही, मशीनची घरघर नाही. किडलेली जागा कायमची काळी होते आणि पुष्कळदा कीड तिथेच थांबते. सहसा सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्लोराइडची टूथपेस्ट आणि मशीन न लावता भरता येणारं ग्लास आयोनोमर सिमेंट, हीसुद्धा त्याच यादीत आहेत. दात काळे दिसतात म्हणून काही आया नको म्हणतात. तुमच्या पोराचे दात आधीच काळे आहेत, तेव्हा तो प्रश्न तुम्हाला नाही. मात्र दुखणाऱ्या दाढेला हे औषध पुरणार नाही. रात्री आपोआप ठणकतं म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेला जाऊन पोचली आहे. तिथे आतली नस साफ करून वर स्टीलची टोपी घालावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. काढलीच तर जागा धरून ठेवणाऱ्या तारेबद्दल, स्पेस मेन्टेनरबद्दल, त्याच वेळी विचारा.

पैशाचं सांगते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दाताचे डॉक्टर साधारणपणे उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात असतात. कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना आधी फोन करून विचारायला सांगा, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवस वाया जाणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे, तिथे थोडं शुल्क पडतं, पण ते खाजगीच्या मानाने किरकोळ. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो आणि बिल कमी येतं.

तुमच्या मुलाचं नाव अंगणवाडीत आहे, म्हणजे त्याचा आणखी एक हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी, जिला गावोगावी आरबीएसकेची गाडी म्हणतात, वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन प्रत्येक मूल तपासते. हा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. तपासणी घाईत होते, मूल तोंड उघडत नाही, आणि दात राहून जातात. गाडी येईल त्या दिवशी सासूबाईंना सोबत पाठवा आणि "याचे दात बघा, चिठ्ठी द्या" एवढं म्हणायला सांगा. ती चिठ्ठी हातात असली की मोठ्या दवाखान्यात कोणी टोलवत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी ज्या रुग्णालयात होते तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सगळ्या दाढा किडलेल्या. मी दमलेली होते आणि पटकन बोलून गेले, "इतके दिवस काय करत होता?" तिने उत्तर दिलं नाही. पदराने पोराची लाळ पुसली, केसपेपरची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली. मी पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती, ती आली नाही. नंतर आरोग्यसेविकेकडून कळलं की त्या एका फेरीसाठी तिने दोन दिवसांची मजुरी सोडली होती आणि मुकादमाची बोलणी खाल्ली होती. ती काय करत होती हे मला विचारायचंच नव्हतं, ती पोट भरत होती. त्या घडी घातलेल्या कागदामुळे मी तो प्रश्न पुन्हा कुठल्याही आईला विचारला नाही, आणि तुम्हालाही विचारणार नाही.

तुमचं पोर किडक्या दातांचं एकटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात जगात 51 कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले असल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे 2002-03 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे दात किडलेले निघाले. यात गरिबाघरचं मूल जास्त भरडलं जातं, कारण त्याच्या आईला तिसऱ्या महिन्यात निंदणीला जावं लागतं, पाच रुपयांत पोट भरल्यासारखं वाटणारी वस्तू गोडच मिळते, आणि दाताचा डॉक्टर एसटीच्या भाड्याइतका लांब असतो. दुधाचे दात किडायला एवढं पुरतं. यात तुमची माया कुठे कमी पडली?

बाटलीमुळे झालं, हे खरं आहे. तेही समजून घ्या, कारण समजलं की थांबवता येतं. तुम्ही लिहिलंत, वरचे चार दात किडले. आता खालचा ओठ खाली ओढून बघा, खालचे पुढचे चार दात पांढरे असतील. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, तिथे लाळही जास्त असते, ते वाचतात. वरच्या दातांभोवती मात्र गोड दूध साचून राहतं. झोपेत लाळ आटते, दूध धुतलं जात नाही. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दाताचा चुना विरघळवतं. रात्रभर.

दिवसाचंही तसंच. आपल्या जळगाव जिल्ह्यात ठिबक कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाने पाणी दिलं तर जमीन भिजते आणि मग वाळते. ठिबकने थेंब थेंब दिलं तर मूळ दिवसभर ओलं राहतं. केळीला ते मानवतं, दाताला साखर ठिबकने दिली तर दात जातो. गोड काही खाल्लं की पुढे साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं, मग लाळ हळूहळू दुरुस्ती करते. सकाळी चहा, मग बिस्किट, मग दुकानातला पुडा, मग गोळी, पुन्हा चहा, असं चालू राहिलं तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही. म्हणून मी सासूबाईंना "गोड देऊ नका" असं सांगणार नाही, ते कोणाच्याने होत नाही. किती दिलं यापेक्षा किती वेळा दिलं, हे त्यांना मोजायला सांगा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी पोटभर खाऊ द्या, यात्रेतली गुळाची शेवही द्या, पण जेवणासोबत, एका बैठकीत. पुडी हातात देऊन दिवसभर चघळत ठेवू नका. गुळाने दात किडत नाहीत असं मानणारे पुष्कळ आहेत. गूळ, मध, खडीसाखर, दातासाठी सगळं सारखंच. खोकल्याचं गोड औषध रात्री दिलं तर त्यानंतरही दोन घोट पाणी पाजा.

मधल्या वेळी पोराच्या हातात काय द्यायचं, हा खरा प्रश्न आहे, कारण तुम्ही शेतात आणि आजी घरी. पोऱ्याचे वडील केळीच्या गाड्या भरतात, एखादी सुटी फणी घरी येत असेलच. केळं खाऊन झालं की पाणी पाजलं तर त्याची मला काळजी नाही. उकडलेलं अंडं, काकडीची फोड, ज्वारीच्या लाह्या, कालची भाकरी तेल-मीठ-तिखट लावून, ताक. शेंगदाणे अख्खे देऊ नका, चार वर्षांच्या घशात अडकतात, कूट करून द्या. दाढ बरी होईपर्यंत भाकरी चहाऐवजी वरणात किंवा दुधात कुस्करा.

बाटली एका रात्रीत तोडू नका, सगळं घर जागेल. आधी साखर बंद. मग दर दोन-तीन रात्रींनी दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त. आठ-दहा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि पोर आपणहून तिच्यावरून उतरतं. दूध झोपायच्या आधी, पेल्याने, मग दात घासून अंथरुणात.

दात घासणं चार वर्षांच्या मुलावर सोडायचं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासायचे. तुम्ही भिंतीला टेकून बसा, पोराचं डोकं मांडीवर घ्या, चेहरा वर. डाव्या हाताने ओठ उचला. अशा मांडीवर तुम्हाला जे दिसतं ते समोर उभं राहून कधीच दिसत नाही. मऊ, छोटा ब्रश घ्या. पेस्ट साधी, घरातली चालते, फक्त नळीवर फ्लोराइड लिहिलेलं बघा, 1000 पीपीएमच्या आसपास. चित्रांच्या, गोड वासाच्या मुलांच्या पेस्टा महाग असतात आणि काहींत फ्लोराइड नसतंच. लाल मंजन, राखुंडी, कोळसा, यांनी दात खरवडले जातात. चार वर्षांच्या मुलाला पेस्ट हिरव्या तुरीच्या दाण्याएवढी घ्या. घासून झाल्यावर थुंकू द्या, पाण्याने खळखळून चूळ भरू देऊ नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहील. सकाळचं घाईत राहिलं तर एक वेळ चालेल, रात्रीचं सोडू नका.

मुलीचं सांगते. तिला अंगावरचं दूध पाजता ते चालूच ठेवा, दातांच्या नावाखाली कोणी तोडायला सांगितलं तर ऐकू नका. वरचं अन्न सुरू झालंच असेल, त्यात साखर-गूळ घालू नका, तिला गोडाची आठवणच नाही. बाटली घरात असेल तर तिच्या तोंडी लागू देऊ नका, वाटी-चमचा पुरे. चोखणी मधात बुडवून देऊ नका, आणि मध तर तिला वर्षाच्या आत अजिबात नको. तिचे दोन दात आहेत ना, त्यांनाही रोज रात्री ब्रश, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. घास चावून तिच्या तोंडात घालणं, तिचा चमचा आधी आपल्या तोंडात घालून बघणं, हे सगळ्यांनीच टाळा, मोठ्यांच्या तोंडातले किडीचे जंतू तसेच तिच्या तोंडात जातात. तुमची एखादी दाढ किडली असेल तर त्या फेरीत तीही दाखवा.

आणि महिन्यातून एकदा तिचा वरचा ओठ उचलून बघा. कीड काळी व्हायच्या आधी पांढरी असते. हिरडीला लागून, पाटीवर खडूने ओढावी तशी मळकट पांढरी रेघ दिसते. ती दिसली तर घाबरू नका, त्याच आठवड्यात दाखवा. त्या टप्प्याला नुसतं फ्लोराइड लावून दात पुन्हा घट्ट होतो, कुठलं छिद्र पाडावं लागत नाही. तुमच्या मोठ्याच्या दातांवरही ही रेघ कधीतरी होती. ती बघायची असते हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

एक सावधगिरी. बाजाराच्या दिवशी "दातातला किडा काढून देतो" म्हणणारे बसतात. निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकतात, नळीने धूर तोंडात देतात, आणि खालच्या पाण्यात पांढरे किडे पडलेले दाखवतात. बी उष्णतेने फुटतं आणि आतला वळलेला कोंब बाहेर येतो, तो किड्यासारखा दिसतो. दातात असा किडा नसतोच. दुखण्याने घायकुतीला आलेल्या माणसाला तो दिसतो, कारण त्याला दिसायला हवा असतो. पोराला तिथे नेऊ नका.

आता जायचा दिवस. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, पहिल्या एसटीने निघा. पोराला घरून काहीतरी मऊ खाऊ घालून न्या, उपाशी मूल जास्त रडतं. वजनाचं कार्ड, आधार आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या औषधाचं पाकीट सोबत ठेवा. सुईचं त्याला आधीच काही सांगू नका, "दुखणार नाही" असंही नको. "डॉक्टर तुझी दाढ झोपवणार आहे" एवढं पुरे. जमलं तर त्याच्या वडिलांना नाहीतर सासूबाईंना सोबत घ्या, डॉक्टर बोलतील ते दोघांनी ऐकलेलं बरं. केसपेपर काढून आत गेलात की मुलाच्या वतीने पहिलं वाक्य तुम्हीच बोला, आणि ते बरोबर असंच बोला: "याला पंधरा दिवसांपासून डाव्या खालच्या दाढेचं रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, गोळीने तीन दिवस थांबतं आणि पुन्हा सुरू होतं." एवढं ऐकलं की दाढेची कीड कुठवर गेली आहे हे डॉक्टरला तोंड उघडायच्या आत कळतं, आणि तुमचं पोर रांगेत पुढे येतं.